आई गेल्यापासून गाता येत नाही, माझा विश्वास कमी पडतोय का?

पत्र (थोडं छोटं करून देतेय):

"ताई, मी कॉलेजपासून मंडळीच्या (चर्चच्या) वर्शिप टीममध्ये गाते. मागच्या वर्षी आई कॅन्सरने गेली. हॉस्पिटलमध्ये आम्ही रोज तिच्या बेडजवळ बसून स्तुतीगीतं म्हणायचो, मंडळीतल्या एका काकूंनी सांगितलं होतं की यहोशाफाटासारखी स्तुती करा, लढाई देव लढेल. तरी आई गेली. नंतर त्याच काकू म्हणाल्या, तुमची स्तुती मनापासून झाली नसेल. आता मी स्टेजवर उभी राहते पण आवाजच फुटत नाही, आईच्या आवडीचं गाणं लागलं की घसा बंद होतो. टीमचे दादा म्हणतात चेहरा हसरा ठेव, लोक तुझ्याकडे बघतात, परमेश्वराचा आनंद हेच आपलं सामर्थ्य आहे ना. मन नसताना गाणं म्हणजे ढोंग नाही का? आणि ते सामर्थ्य मलाच का मिळत नाही? टीम सोडून देऊ का? अजून एक, हे कोणालाच सांगितलं नाहीये, मागच्या महिन्यात एका गाण्याला मला अचानक खूप आनंद झाला, अगदी आतून, आणि घरी येऊन मी रडत बसले की मी आईला विसरले की काय."

उत्तर:

तू मला ताई म्हटलंयस तर मी पण अगं-तुगं करते, चालेल ना.

सगळ्यात आधी काकूंचं ते वाक्य बाजूला काढूया, कारण तुझे बाकीचे सगळे प्रश्न त्याच्याखाली दबलेत. तुमची स्तुती कमी पडली म्हणून तुझी आई गेली नाही. बायबलमध्ये असं कुठेही म्हटलेलं नाही की अमुक इतक्या मनापासून गायलं की माणूस वाचतो आणि तेवढं नाही जमलं की जातो. आपलं माणूस आत्ताच गमावलेल्या लेकीला असं बोलणं फार चुकीचं आहे, मग बोलणारी कितीही प्रार्थनाशील असो. नीतिसूत्रे २५:२० काढून बघ, दुःखी माणसापुढे गाणी गाणारा म्हणजे थंडीच्या दिवसात अंगावरचं पांघरूण काढून घेणारा, असं तिथे सरळ लिहिलंय. म्हणजे गाणं सुद्धा चुकीच्या वेळी चुकीच्या पद्धतीने एखाद्याच्या माथी मारता येतं, आणि हे बायबलच सांगतंय, मी नाही.

आता यहोशाफाट, यहूदाचा राजा. त्याची ही गोष्ट आपल्याकडे इतक्या वेळा सांगितली जाते की तिचा पहिला अर्धा भाग गळूनच पडलाय. २ इतिहास २० पूर्ण वाच. मवाबी आणि अम्मोनी लोकांचा मोठा जमाव चालून येतोय हे कळल्यावर राजाने पहिली गोष्ट काय केली, तर तो घाबरला. तिथे तसंच लिहिलंय, घाबरला. मग उपास जाहीर केला, मग सगळे यहूदी लोक, बायका आणि तान्ही पोरं घेऊन, देवापुढे उभे राहिले आणि राजा सगळ्यांसमोर बोलला की आमच्यात ताकद नाही, काय करावं आम्हाला कळत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागलेत. एवढं झाल्यावर मग आसाफाच्या, म्हणजे मंदिरात गाणाऱ्यांच्या घराण्यातला यहजिएल उभा राहतो आणि देवाचा शब्द सांगतो, की ही लढाई तुमची नाही, देवाची आहे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाणारे सैन्याच्या पुढे चालतात. म्हणजे भीती, उपास, कबुली, देवाचं वचन आणि मग गाणं. देवाने त्या दिवसासाठी एक विशिष्ट वचन दिलं होतं आणि त्याच्यावर विश्वास ठेवून ते गात निघाले. गाऊन त्यांनी देवाला कामाला लावलं असं नाही. आणि तुम्ही हॉस्पिटलमध्ये गायलात ना, ते वाया गेलं असं मला अजिबात वाटत नाही. शेवटच्या दिवसांत तुझ्या आईच्या कानावर देवाचं नाव आणि तिच्या पोरांचा आवाज पडत होता. ती स्तुती खरी होती, कारण पुढे काय होणार हे माहीत नसताना केलेली होती.

प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला यांची गोष्ट पण अशीच अर्धी सांगतात. फिलिप्पै शहरात त्यांना छड्यांनी मारलं, आतल्या तुरुंगात टाकलं, पाय खोड्यात अडकवले, आणि मध्यरात्री ते प्रार्थना करत होते, गात होते, बाकीचे कैदी ऐकत होते, मग भूकंप झाला आणि दारं उघडली. बरोबर. पण हाच पौल नंतर कैसरियाला दोन वर्षं कैदेत राहिला, तिथे भूकंप झाला नाही. आणि त्याच फिलिप्पैच्या मंडळीला त्याने पुढे पत्र लिहिलं तेही बेड्यांमध्ये असतानाच, आणि त्यात लिहिलं, प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणतो आनंद करा. मला ह्यातली एक गोष्ट नेहमी थांबवते, की त्या मंडळीला ती भूकंपाची रात्र चांगली माहीत असणार, आणि ह्या वेळी दारं उघडली नाहीत हेही त्यांना दिसत होतं, तरी पौलाचा आनंद तोच. त्याहून महत्त्वाचं, त्याच पत्रात, दुसऱ्या अध्यायात, तो आपला सहकारी एपफ्रदीत याच्याबद्दल लिहितो की तो मरणाच्या दारात होता, देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. तिसऱ्या अध्यायात म्हणतो मी हे रडत सांगतोय. सर्वदा आनंद करा म्हणणारा माणूस रडतोय आणि ते लपवत पण नाहीये. तेव्हा त्या वचनाचा अर्थ चोवीस तास हसरा चेहरा असा असेल तर तो अर्थ लिहिणाऱ्यालाच लागू पडत नाही.

आता दादांनी सांगितलेलं वचन, नहेम्या ८:१०. हे मला स्वतःला फार आवडतं वचन आहे आणि म्हणूनच ते कोणाचं तोंड बंद करायला वापरलं की मला त्रास होतो. तिथे झालं काय होतं ते बघ. नहेम्या ह्या राज्यपालाच्या देखरेखीखाली यरुशलेमचा कोट ५२ दिवसांत बांधून झाला होता, सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी सगळे लोक पाणीवेशीसमोरच्या चौकात जमले, एज्रा ह्या याजकाने पहाटेपासून दुपारपर्यंत मोशेचं नियमशास्त्र वाचलं, लेव्यांनी, म्हणजे मंदिरात सेवा करणाऱ्यांनी, त्याचा अर्थ समजावून सांगितला, आणि ते ऐकून लोक रडायला लागले. का, तर आपण देवाचं किती ऐकलं नाही हे त्यांना लख्ख दिसलं. त्या रडणाऱ्या लोकांना नहेम्या, एज्रा आणि लेवी म्हणतात, आज रडू नका, जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्यांच्याकडे काही तयार नाही त्यांना वाटे पाठवा, परमेश्वराविषयीचा आनंद हेच तुमचं सामर्थ्य आहे. म्हणजे हे वाक्य दिलासा म्हणून आलंय गं. ज्यांना वाटत होतं की देव आता आपल्यावर रागावलेला असणार त्यांना सांगितलंय की नाही, तो तुमच्यावर खूश आहे, या, जेवा. दटावणी म्हणून हे वाक्य मुळात बोललंच गेलेलं नाही.

आणि पुढचं पान कोणी उलटतच नाही! नवव्या अध्यायात, त्याच महिन्याच्या चोविसाव्या दिवशी, तेच लोक उपास करून, गोणपाट नेसून, डोक्यात माती घालून जमतात, देवापुढे आपली पापं कबूल करतात, आणि त्यांना कोणी म्हणत नाही की अरे तीन आठवड्यांपूर्वी तर आनंद करा सांगितलं होतं. रडायचा दिवस पण त्यांना मिळाला. बाहेरची परिस्थिती तर काहीच बदलली नव्हती, त्याच अध्यायाच्या शेवटी ते म्हणतात की आम्ही आमच्याच देशात गुलाम आहोत, जमिनीचं उत्पन्न परक्या राजांना जातंय. अशा लोकांचा तो आनंद होता. सगळं छान झालंय म्हणून आलेला नव्हता, त्यांचा देव त्यांना सोडून गेलेला नाही ह्यातून आलेला होता. म्हणूनच तो सामर्थ्य ठरला, नाहीतर परिस्थितीबरोबर आला असता आणि परिस्थितीबरोबर गेला असता.

ढोंगाचा प्रश्न. तुझ्यासाठी बायबलमध्ये एक स्तोत्र आहे, अक्षरशः तुझ्यासाठी, स्तोत्र ४२. ते कोरहाच्या मुलांचं आहे, म्हणजे मंदिरात गाणाऱ्या घराण्याचं, आजच्या भाषेत टीमच्याच माणसाचं. तो म्हणतो माझे अश्रूच रात्रंदिवस माझं अन्न झालेत, लोक मला विचारतात तुझा देव कुठे आहे. आणि मग त्याला आठवतं की मी लोकांच्या घोळक्याबरोबर कसा जायचो, आनंदाने गात, स्तुती करत, सणाच्या गर्दीला देवाच्या घराकडे घेऊन कसा चालायचो. वर्शिप लीड करणारा माणूस आहे तो, आणि आज त्याला गाता येत नाहीये. तो काय करतो? स्वतःच्या जिवाशी बोलतो, हे माझ्या जिवा तू का खिन्न झालास, देवाची आशा धर, मी पुन्हा त्याचं स्तवन करीन. पुन्हा करीन. आज होत नाहीये हे तो मान्य करतो आणि तरी देवाशी बोलणं बंद करत नाही. ही ओळ ४२ मध्ये दोनदा आणि ४३ मध्ये एकदा येते, तिन्ही वेळा तोच प्रश्न, तोच खिन्न जीव, म्हणजे एकदा म्हटलं आणि मोकळं झालं असं त्याच्या बाबतीतही झालं नाही. आणि गंमत बघ, हे रडगाणं प्रमुख गवयासाठी म्हणून लिहिलंय, मंदिरात सगळ्यांनी मिळून गायला. देवाने आपल्या स्तुतीच्या पुस्तकात ह्याला जागा दिली. स्तोत्र १३ आहे, चारदा "किती वेळ" विचारून मग गाण्यावर येतं. स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी ते पण त्याच पुस्तकात आहे.

तेव्हा मन नसताना गाणं ढोंग नाही. ढोंग कधी होतं सांगू का, आत एक आणि देवासमोरही दुसरंच दाखवायचं ठरवलं की. आमोस ५ मध्ये देव म्हणतो तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, पण तो कोणाला म्हणतो, तर जे गरिबाला तुडवतात आणि सणाला येऊन मोठ्याने गातात त्यांना. घसा भरून आलेल्या मुलीला नाही. तू देवाला म्हण, बाबा मला आज काहीच वाटत नाहीये, तरी तू चांगला आहेस असं मी म्हणते कारण ते खरं आहे, आणि मग दोन ओळी गा किंवा नुसत्या बोल. इब्री १३:१५ मध्ये स्तुतीचा यज्ञ असा शब्द आहे, आणि यज्ञाला काहीतरी जातंच ना आपलं.

आणि येशूकडे बघ. शेवटच्या भोजनानंतर ते स्तोत्र गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघून गेले असं मत्तय २६:३० मध्ये आहे. वल्हांडणाच्या सणाला स्तोत्र ११३ ते ११८ गायची यहुदी लोकांची रीत आहे, तेव्हा बहुतेक त्यातलंच काहीतरी असणार, आणि ११८ मध्ये ओळ आहे की परमेश्वर माझं बळ आणि माझं गीत आहे. आता ३८ वं वचन वाच. गाणं झाल्यावर फक्त आठ वचनांनी तोच येशू गेथशेमाने बागेत म्हणतो माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय, तुम्ही इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. त्याच रात्री गायला आणि त्याच रात्री कोसळला. त्याच्या स्तुतीत खोट होती असं म्हणायची आपल्यापैकी कोणाची हिंमत आहे का? मग तुझ्याबद्दल कोणी तसं म्हटलं तर तू ते मनावर घ्यायचं नाहीस.

मग सामर्थ्य दिसतं तरी कसं, असं तू विचारशील. मला वाटतं आपण ते चुकीच्या जागी शोधतो, अंगावर काटा यायला पाहिजे, हात वर गेले पाहिजेत, रडू थांबलं पाहिजे. पौलाच्या गोष्टीत सामर्थ्य मला दारं उघडल्यानंतर जास्त दिसतं, दार उघडं असून तो पळाला नाही, आणि तुरुंगाचा अधिकारी स्वतःला मारून घेणार तेवढ्यात ओरडून त्याला थांबवलं. ज्याच्या पाठीवर वळ आहेत तो दुसऱ्याचा जीव वाचवतोय. तू आई गेल्यावरही देवाला सोडलं नाहीस, रविवारी उठून जातेस, आणि मनातलं लपवण्याऐवजी मला एवढं लांब पत्र लिहिलंस. हे सामर्थ्य नाही तर काय आहे? ते तुला मिळतंय, फक्त कोणी तुला सांगितलं नव्हतं की ते असं दिसतं.

आता टीमचं. एकदम सोडू नकोस, पण काही दिवस स्टेजवरून खाली ये. पाळकांना आणि दादांना एकत्र भेट आणि सरळ सांग की मला काही आठवडे लोकांमध्ये बसून गायचंय, किंवा नुसतं ऐकायचंय. कलस्सै ३:१६ मध्ये स्तोत्रं आणि गीतं ही एकमेकांना शिकवायची, एकमेकांना बोध करायची गोष्ट आहे, नुसती देवाला म्हणायची नाही, म्हणजे तुझ्या तोंडून शब्द निघत नसतील तेव्हा शेजारच्या बाईच्या तोंडून ते तुझ्या कानावर पडावेत ह्यासाठीच मंडळी असते. इतकी वर्षं तू इतरांसाठी गायलीस, आता थोडे दिवस त्यांनी तुझ्यासाठी गावं. फक्त मागच्या मागे निघून जाऊ नकोस आणि घरी बसू नकोस, कारण दुःखात एकटं पडलं की मन स्वतःला काहीही पटवून देतं. आईच्या आवडीचं गाणं सध्या लिस्टमधून काढायला सांग, ते कुठे पळून जात नाहीये. आणि जमलं तर दादांना विचार, महिन्यातून एकदा तरी विलापाचं स्तोत्र आपण उपासनेत घेऊ शकतो का. तुझ्यासारखे अजून कितीतरी जण खाली बसलेले असतात, ज्यांना टाळ्या वाजवता येत नाहीत आणि बोलताही येत नाही.

दादा हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते, एज्रा ३ वाचा. बंदिवासातून परतल्यावर मंदिराचा पुन्हा पाया घातला तेव्हा ज्यांनी पहिलं मंदिर पाहिलं होतं ते म्हातारे मोठ्याने रडले आणि बाकीचे आनंदाने ओरडले, आणि रडण्याचा आवाज कुठला नि आनंदाचा कुठला हे कोणाला ओळखू येईना. कोणी त्या म्हाताऱ्यांना हसायला सांगितलं नाही. उपासना चालूच राहिली.

घरी रोज एकच स्तोत्र घे, मोठ्याने वाच, चाल नको, गिटार नको. ४२ पासून सुरू कर, मग १३, मग ७७, मग ६२. वाचून झालं की आईबद्दलची एखादी गोष्ट नाव घेऊन देवाला सांग, तिच्यासाठी आभार मान किंवा तिची आठवण येते म्हणून तक्रार कर, दोन्ही चालतं. आणि झोप, जेवण ह्याकडे लक्ष दे. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून देवाला म्हणाला आता मला मरू दे, तेव्हा देवदूताने त्याला स्तुती करायला नाही सांगितली, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून परत खायला दिलं. तुला रात्र-रात्र झोप लागत नसेल, खाल्लेलं जात नसेल, जगून काय करू असं वाटत असेल तर डॉक्टरकडे किंवा काउन्सेलरकडे जा, आणि हे लगेच कर, विश्वास कमी पडला की काय असा विचार करत थांबू नकोस.

राहिली ती शेवटची गोष्ट, जी तू कोणाला सांगितली नव्हतीस. अगं, नहेम्याचं ते वचन खरं तर इथे लागू पडतं. त्या लोकांना वाटत होतं की आज रडणंच योग्य, आनंद केला तर देवाला काय वाटेल, आणि त्यांना सांगितलं गेलं की नाही, आज आनंद करा, तुम्हाला परवानगी आहे. तुला त्या गाण्याला जो आनंद झाला तो तू ओढून आणलेला नव्हतास, दादांनी सांगितलं म्हणून आलेला नव्हता, तो तुला दिला गेला. त्याने आईची जागा घेतली नाही. तुझ्या आईने तुला कॉलेजात असताना वर्शिप टीममध्ये गाऊ दिलं, तिला काय आवडलं असतं हे मला सांगायची गरज नाही, तुला माहीत आहे. कोणतं गाणं होतं ते मला पुढच्या पत्रात नक्की लिही, आणि परत कधी तसं झालं तर अर्ध्यावर थांबू नकोस, पूर्ण गा.

तुझी ताई